नमुना तीन, पांघरुणाखाली

तुम्ही माझ्या नवऱ्याला ऑफिसात बोलावलंत, खुर्ची दिलीत, पाणी विचारलंत, आणि नऊ माणसांदेखत त्याच्या बायकोची खासगी गोष्ट चव्हाट्यावर मांडलीत. पंखा बंद करून. आवाज नीट यावा म्हणून तुम्ही पंखासुद्धा बंद केलात, हे मला तुमच्याच शिपायाने सांगितलं. आणि नोटीस कुणाला, तर मला. 'कार्यालयीन उपकरणाचा वैयक्तिक कारणासाठी वापर.' सात दिवसांत लेखी खुलासा.

घ्या खुलासा. तुमच्या भाषेत मला लिहिता येत नाही. मी या खात्यात फरशी पुसायला लागले होते. गाडीवरचं काम बघून बघून शिकले, परीक्षा दिली, आणि गेली बारा वर्षं तुमच्या त्या पांढऱ्या गाडीतून कारखाने हिंडते आहे. कामगारांचे कान तपासते, ते ज्या मशीनपाशी उभे राहतात तिचा आवाज मोजते. कारखान्यांतून मला 'कानवाली' म्हणतात. हाक मारताना ओरडतात, कारण ओरडल्याशिवाय बोलायची त्यांची सवय गेलेली असते.

आवाज मोजायचं यंत्र टॉर्चएवढं आहे, टोकाला स्पंजाचा काळा गोळा. त्याचा एक नियम आहे, आणि तो तुम्हीच केलाय. बटण दाबलं की आधी तोंडाने सांगायचं: नमुना कितवा, कसला, किती अंतरावर, कुठे. मग गप्प बसून मोजायचं. बोललेलं आणि मोजलेलं एकत्र साठतं, आणि गाडी मुक्कामाला येऊन यंत्र तारेला लावलं की सगळं आपोआप तुमच्याकडे पोचतं. तोंडाने सांगितलं नाही तर नोंद बाद. पहिल्या वर्षी माझ्या चाळीस नोंदी बाद झाल्या आणि मोठ्या साहेबांनी माझी सगळ्यांसमोर बिनपाण्याने केली. त्यानंतर एकही बाद झाली नाही. आता घरी दाराची बेल वाजली तरी माझ्या तोंडात 'अंतर चार मीटर' येतं. जित्याची खोड म्हणा. ती खोड तुम्ही लावलीत.

महिन्यातले पंधरा दिवस दौरा. गाडीत तिघं: ड्रायव्हर, मी आणि सिस्टर. सिस्टर म्हणजे नर्स, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, नवरा वारलेला, जिभेला हाड नाही. बायकांना दोघींत एक खोली हाही तुमचाच नियम. लॉजच्या खोल्या सगळ्या सारख्या: दोन पलंग, मध्ये एक हात जागा, त्या जागेत एक स्टूल, स्टुलावर दोघींचे चष्मे.

आता नवऱ्याचं लिहिते, कारण 'घरी पटत नसेल' असं तुमच्यातला कुणीतरी म्हणालाच असेल.

तो वाईट माणूस नाही. पत्रे दाबायच्या कारखान्यात त्याने बावीस वर्षं प्रेस चालवली. आधी त्याला फोनवरचं कळेनासं झालं, मग त्याच्या आईचं, मग माझं. मी दिवसभर परक्यांचे कान तपासायचे आणि घरी येऊन एकच वाक्य तीनदा बोलायचे. तिसऱ्यांदा विचारायची त्याला लाज वाटायची, म्हणून तो नुसती मान हलवायचा. ज्याला मान हलवायची त्याला हलवायचा आणि ज्याला नाही हलवायची त्यालाही.

उजेडात तो ओठ बघून चालवून घेतो. अंधारात ओठ दिसत नाहीत. आमच्या घरात दोन खोल्या, मधल्या दाराला वर काच, पलीकडे सासू. दिवा लावून काही करायची सोय नाही. एकदा अंधारात मी 'थांब' म्हणाले. दोनदा म्हणाले. त्याला ऐकूच आलं नाही. मला दुखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या तोंडासमोर उभं राहून सांगितलं तेव्हा तो मटकन खाली बसला. त्या दिवसापासून त्याने मला हात लावला नाही. त्याला नऊ वर्षं झाली. कानाचं मशीन घे म्हणून मी नऊ वर्षं मागे लागले होते. 'म्हातारा दिसतो,' म्हणायचा.

झोप माझी तेव्हाच गेली. दौऱ्यावर तर डोळ्याला डोळा लागायचा नाही. सिस्टरकडून गोळ्या घ्यायचे. अर्धी, मग एक, मग दीड.

गेल्या वर्षी एका दुपारी तिने गोळ्यांची पट्टी माझ्या हातातून काढून घेतली.

"बास," म्हणाली. "मी नर्स आहे, वाण्याचं दुकान नाही. तुला गोळी नको आहे. तुला हे हवंय." आणि तिने फोन माझ्या नाकासमोर धरला.

मी चष्मा लावून बघितलं. "केस सरळ करायचं आहे का?"

"हो. फिरव डोक्यावर."

मग मला कळलं. मी उठून गॅलरीत गेले. परत आले. तिने फोन तसाच धरून ठेवला होता.

"ताई, तू वापरतेस?"

"आठ वर्षं. नवरा होता तेव्हाही लागलंच नाही असं नाही." तिने पट्टी पर्समध्ये टाकली. "पण माझं घरचं आहे. दौऱ्याचं वेगळं घ्यावं लागतं. मोठी छत्री आणि घडीची छत्री असते ना, तसं."

दौऱ्याचं निवडताना काय बघायचं हे मला सिस्टरने शिकवलं. लहान पाहिजे, अंगठ्याएवढं. आपल्याच तारेवर चार्ज झालं पाहिजे, नाहीतर लॉजवाल्याकडे तार मागायला जाशील आणि तो विचारेल कशाला. धुता आलं पाहिजे. आणि त्याला कुलूप पाहिजे, म्हणजे बटण धरून ठेवल्याशिवाय चालू होणार नाही असं.

"कुलूप कशाला?"

"आधी आपल्या गाडीवर एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांची बॅग मागच्या सीटखाली होती आणि घाटात ते आपसूक चालू झालं. ड्रायव्हर म्हणाला, पट्टा गेला. गाडी थांबवून बॉनेट उघडून पाऊण तास बसला. बाईंचं तोंड बघण्यासारखं होतं. शेवटी पट्टा बदलला बिचाऱ्याने."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

"आणि आवाज," मी म्हणाले. "तू एक हातावर झोपतेस."

"मला ऐकू आलं तर मी खोकेन."

"खोकू नकोस. मी मरेन."

"मग आवाज बघून घे. डब्यावर लिहिलेलंच असतं, 'अगदी शांत'."

अगदी शांत म्हणजे किती? आम्हाला कारखानेवाले बारा वर्षं हेच सांगतायत. 'मॅडम, आमचं मशीन एकदम शांत,' आणि यंत्र धरलं की आकडा शंभर डेसिबलच्या वर. लिहिलेल्यावर मी विश्वास ठेवत नाही. माझी सासू पार्सल फोडून बघते, म्हणून सिस्टरने स्वतःच्या पत्त्यावर तीन मागवली, तीन कंपन्यांची. पैसे आम्ही निम्मे निम्मे घातले, उरतील ती दोन तिची.

मोजमाप रविवारी दुपारी केलं. सुट्टी होती, तुमचं एक मिनिटही गेलं नाही. गाडी लॉजच्या मागच्या अंगणात उभी, ड्रायव्हर बहिणीकडे गेलेला. गाडीत कान तपासायची आवाजबंद खोली आहे, तिला बूथ म्हणतो. कपाटाएवढी. मी आत स्टुलावर, सिस्टर बाहेर दार धरून. लॉजचं पांघरूण आणि उशीही नेली होती. उघड्यावर मोजून काय उपयोग, मला पांघरुणाखालचा आकडा पाहिजे होता.

आणि मी बटण दाबलं, आणि बोलले. बारा वर्षांची जीभ आहे ती. "नमुना एक. लहान मशीन, लिपस्टिकसारखं. अंतर एक हात. पांघरुणाखाली."

पंचावन्न.

"हे तर दाढी करायचं," दाराबाहेरून सिस्टर म्हणाली.

"नमुना दोन. लहान मशीन, अंड्यासारखं. अंतर एक हात. पांघरुणाखाली." एकेचाळीस. चाळीसच्या आत असतं तर विचार केला असता.

तिसरं नदीतल्या गुळगुळीत गोट्यासारखं होतं, करड्या रंगाचं. हातात धरलं तर मुठीत मावून जायचं. मी तसंच सगळं सांगितलं: नमुना तीन, गोट्यासारखं, एक हात, पांघरुणाखाली. यंत्राने सव्वीस दाखवले. बूथमध्ये काहीच चालू नसताना चोवीस असतात. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वाससुद्धा याहून मोठा असतो.

"घे," सिस्टर म्हणाली. "खोकणार नाही."

त्या दौऱ्यात मी सात-सात तास झोपले. एवढंच लिहिते. पुढचं तुमचं नाही.

पण झोप मिळाल्यावर काय झालं, ते तुम्ही वाचलंच पाहिजे. मी घरी आले ती चिडचिड न करता आले. नवऱ्याने मान हलवली तर मी त्याच्यावर ओरडले नाही, समोर बसून पुन्हा सांगितलं. सहाव्या की सातव्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, "ते कानाचं मशीन. त्याला काय माप लागतं का?"

लागतं. कानाचा साचा काढावा लागतो. तो मीच काढते, कामच आहे माझं. त्याला खिडकीपाशी बसवला, कानात मऊ गोळा भरला, पाच मिनिटं बोट धरून ठेवलं. नऊ वर्षांनी मी त्याला एवढा वेळ हात लावला होता. तो डोळे मिटून बसला होता. सासू दारात उभी राहून म्हणाली, "काय करतेस त्याला?" मी म्हटलं, "माप घेते, आई." साचा सुटून आला तेव्हा तो हातात घेऊन त्याने उलटसुलट बघितला. "एवढं वाकडंतिकडं असतं होय आत," म्हणाला. मशीन यायला पंधरा दिवस लागणार होते.

त्या पंधरा दिवसांत तुम्हाला माझी फाइल सापडली.

तपासनीस साहेबांचं काम आहे की आलेल्या नोंदींतल्या काही ऐकून बघायच्या. त्यांनी ती ऐकली. चूक माझी आहे, ती मी पहिल्याच दिवशी कबूल केली. यंत्र तुमचं, फाइल तुमच्या कपाटात गेली, पुसायचं माझ्या ध्यानात आलं नाही. एक समज द्यायची आणि फाइल पुसायची. तेवढं पुरलं असतं. पण साहेबांनी ती शेजारच्या टेबलाला ऐकवली. त्या टेबलाने वरच्या मजल्याला. गाडीतल्या कॉम्प्युटरवर प्रत्येक नोंदीपुढे आकडा दिसतो, ती किती वेळा उघडली त्याचा. मी बघितलं तेव्हा एकतीस होता.

एकतीस वेळा ऐकल्यावर तुमच्या लक्षात आलं की हे गंभीर आहे. मी दौऱ्यावर असताना तुम्ही घरी फोन केलात. सासूने उचलला. तुम्ही म्हणालात, मुलाला पाठवा, सुनेबद्दल बोलायचंय. माझ्याबद्दल बोलायला मी नको होते तुम्हाला. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. मला पालक लागतो?

शिपायाने सांगितलं ते असं. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याला वाटलं मला अपघात झाला. तपासनीस साहेब म्हणाले, ऐका. आणि लावलं.

त्याला काहीच ऐकू आलं नाही.

तो म्हणाला, "काय लावलंय?" साहेबांनी आवाज वाढवला. तो पुढे वाकला. "नाही येत." तुमच्या खात्याचं काम काय, तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांची नोंद ठेवायची, आणि समोर बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही हे तुम्हाला तेव्हा कळलं. तरी थांबला नाहीत. पंखा बंद केलात. मोठा स्पीकर आणून जोडलात. माणसं टेबलं सोडून दारात आली. शिपाई म्हणाला, ताई, मी खाली बघत होतो. तो खाली बघत होता हे मी मानते. तेवढा एकच बघत असेल.

मी आल्या दिवशी नवरा बाहेरच्या खोलीत बसला होता. समोर टेबलावर कानाच्या मशीनचा डबा. आदल्या दिवशीच आला होता. चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

"तुझा आवाज होता," तो म्हणाला. तो मोठ्यानेच बोलतो, त्याला कळत नाही. सासू आत भांडी लावत होती, ती थांबली. "किती वर्षांत एवढा स्वच्छ ऐकला नव्हता मी."

मी त्याच्यासमोर बसले, उजेडात, ओठ दिसतील असं. "मला बोल काय बोलायचं ते."

"एक हात म्हणत होतीस. एक हात, एक हात. सारखं."

"सिस्टरच्या पलंगाचं अंतर ते. तिची झोप मोडू नये म्हणून."

त्याने माझ्या ओठांवरची नजर काढली. मग म्हणाला, "मला वाटलं आपलं."

आमच्या अंथरुणात एक हातच अंतर असतं. ते मी कधी मोजलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी तुझ्यावर रागावून नाही आणलं ते."

"हो."

"तुला पुढे-मागे सांगणार होते."

"हो." मान हलवली. कळून हलवली की नुसतीच, ते मी नाही सांगू शकत. बारा वर्षं हेच काम करते, तरी नाही सांगू शकत. मी डबा त्याच्याकडे सरकवला. त्याने तो परत माझ्याकडे सरकवला, एका बोटाने, जसं गरम भांडं सरकवतात.

"आता नको. कामावरचे चौघं काल दारातून काहीतरी बोलून गेले. मला कळलं नाही. बरंच झालं. हे घातलं की सगळं कळेल."

"त्यांचं सोड. माझं ऐक."

"तुझं ऐकलं ना," तो म्हणाला. रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते.

तो आता बाहेरच्या खोलीत झोपतो. सासू माझ्याशी बोलत नाही. बोलते ती भांड्यांशी. 'मशीनवाली आली,' म्हणते.

चौकशीत तुम्ही सिस्टरलाही बोलावलंत. तिला निवृत्तीला दहा दिवस उरले होते. दारापलीकडून तिचा आवाज फाइलमध्ये आहे, दाढीचा विनोद केलेला, पण जाड दारामुळे कुणाचा ते ओळखू येत नव्हतं. तुम्ही विचारलंत, ही तुम्ही का? ती म्हणाली, मला काही माहीत नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली. दहा दिवसांनी तिला हार घातलात, नारळ दिलात. परवा ती माझ्याकडे आली होती. खुर्चीत बसली नाही, उभीच राहिली.

"लिही माझं," म्हणाली. "त्या दिवशी पेन्शनला घाबरले गं. लिही, मीच मागवली, माझ्या पत्त्यावर, मीच दार धरलं होतं. सही करते हवी तर."

"आता करून काय होतंय, ताई?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि सही केली. खाली आहे बघा.

माझी दौऱ्यावरून बदली भांडारात झाली. कानात घालायच्या रबरी टोप्या लहान-मध्यम-मोठ्या वेगळ्या करते. गोटा मी नाल्यात टाकला. झोप येत नाही. कानाच्या मशीनचा डबा माझ्या कपाटात आहे, माझ्याच हाताने काढलेल्या साच्याचा, दुसऱ्या कुणाच्या कानात तो बसणार नाही.

भांडारातल्या कॉम्प्युटरवर जुन्या नोंदी दिसतात. काल बसून शोधल्या. पत्रे दाबायचा तो कारखाना, जिथे माझा नवरा उभा होता. मी तिथे सहा वेळा गेले. सहाही वेळा माझा आवाज आहे, नियमाप्रमाणे: नमुना चौदा, मोठी प्रेस, अंतर एक हात, कामगाराच्या कानाशी. तो कामगार माझा नवरा आहे हे मी बोलले नाही, नियमात बसत नाही. आकडे आहेत एकशे चार, एकशे तीन, एकशे सहा, एकशे चार, एकशे चार, एकशे पाच. प्रत्येक नोंदीसोबत मी लिहिलं होतं की इथे माणसं बहिरी होतायत. आणि त्या सहाही नोंदींपुढे, ती किती वेळा उघडली त्या जागी, शून्य आहे.

माझा खुलासा संपला. यंत्र वापरलं, चार मिनिटं वापरलं, चूक झाली. शिक्षा द्या.

आता मी विचारते. सव्वीसचा आवाज तुम्ही एकतीस वेळा ऐकलात. एकशे सहाचा एकदाही का ऐकला नाहीत? मलाही लेखी पाहिजे, आणि मलाही सात दिवसांतच पाहिजे. माझ्या नवऱ्याला वाचून दाखवायचं आहे, उजेडात. उत्तर द्या.